बादलीभर पाणी निखाऱ्यांचा गॅस ओढून घेत नाही

डिसेंबरात ठाण्यात येऊरच्या डोंगरपायथ्याशी आणि घोडबंदर रोडच्या बाजूला पहाटेचा गारठा जाणवायला लागला की वॉचमनच्या केबिनमध्ये घमेल्यात निखारे येतात. दार बंद, आणि कोपऱ्यात पाण्याची बादली. ‘पाणी गॅस ओढून घेतं’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो साफ चुकीचा आहे.

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. तो पाण्यात जवळपास विरघळतच नाही. बादली काय, पिंप ठेवलं तरी फरक पडायचा नाही. त्याला रंग नाही, वासही नाही. ‘धूर नाही म्हणजे धोका नाही’ ही समजूत तर त्याहून वाईट, कारण धूर ओसरून कोळसा लाल झाला की माणूस निर्धास्तपणे घमेलं आत घेतो. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा २००हून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं जड, मग मळमळ, मग गुंगी. झोपलेल्याला तेवढंही कळत नाही.

मग थंड देशांत घरात लाकडाची शेगडी चालते ती कशी? ती बंद लोखंडी पेटी असते आणि धूर नळीवाटे छपराबाहेर जातो. घमेल्याला नळी कुठली! (तिथेही नळी तुंबली की माणसं दगावतात, म्हणून घरात अलार्म लावतात.)

ठाण्यात स्वेटर आणि गोधडीत भागतं हो. शेकायचंच तर उघड्यावर. कुणी गुंगलेला दिसला तर दार सताड उघडा, त्याला मोकळ्या हवेत काढा आणि १०८ला फोन करा. कांदा हुंगवत बसू नका.