जुनी पंप-ॲक्शन बंदूक: मॉडेल कोणते, साल कुठले?

(आमच्या परवानाधारक ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दुरुस्तीला किंवा विक्रीला पंप बंदूक (नळीखालची मूठ, म्हणजे पंप, मागे-पुढे सरकवून काडतूस भरायची बंदूक) आली की तिच्यासोबत दोन वाक्ये हमखास येतात. "आजोबांच्या वेळची आहे" आणि "नळीवर लिहिलंय की सगळं!" पहिले बहुधा खरे असते. गोंधळ होतो तो दुसऱ्यामुळे. अनेक पंप बंदुकांत पुढची टोपी फिरवली की नळी सुटून हातात येते. तीस-चाळीस वर्षांत ती कधी, कुणी बदलली, हे घरातल्यांनाही आठवत नाही. म्हणून आम्ही आधी बॉडी (नळीमागचा धातूचा मुख्य भाग) वाचतो, मग नळी आणि शेवटी परवान्यावरची नोंद. तिन्हींचा मेळ बसला तरच मॉडेल सांगतो.

बंदूक हातात घेताच ती रिकामी असल्याची खात्री करा. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते ती जागा) काडतूस नाही एवढे पाहून थांबू नका, नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसे राहिलेली असू शकतात.

परदेशी बंदुकांची सर्वसामान्यांसाठीची आयात १९८० च्या दशकात बंद झाली, त्यामुळे आपल्याकडच्या परदेशी पंप बंदुका बहुतेक त्याआधीच्या, आणि बहुतेक अमेरिकन.

सर्वांत सोपी ओळख विंचेस्टर ९७ ची. तिचा घोडा (काडतुसावर ठोका देणारा हातोडा) मागे उघडा दिसतो. अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरची ही बंदूक १८९७ ते १९५७ पर्यंत बनत होती. तिच्यानंतरची विंचेस्टर मॉडेल १२ ही १९१२ ची. हिचा घोडा बॉडीच्या आत. मूळ नाव 'मॉडेल १९१२'. 'मॉडेल १२' हे नाव १९१९ पासूनचे. नळीवर १९१२ दिसले म्हणून बंदूक १९१२ ची ठरत नाही. मॉडेल १२ चा क्रमांक बॉडीच्या खाली पुढच्या टोकाला आणि नळीकडच्या भागावर, असा दोन ठिकाणी असतो. दोन्ही जुळले तर जोडी मूळची. या दोन्ही मॉडेलांत चाप दाबून धरलेला असताना पंप पुढे ढकलला की गोळी सुटते, हे घरात वापरणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. मॉडेल १२ च्या जुन्या १६ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचे माप) बंदुकांचे चेंबर आजच्या काडतुसापेक्षा आखूड असते. मोजल्याशिवाय त्यात काहीही घालू नका.

रिकामे काडतूस बाजूने न पडता खालून पडत असेल तर बहुधा ती १९३७ ला बाजारात आलेली इथाका ३७. पण सेफ्टीचे बटण बॉडीच्या वर, अंगठ्याखाली असेल तर ती १९७७ नंतरची, जपानमध्ये बनलेली ब्राउनिंग बीपीएस.

मॉसबर्ग ५०० साठी खिशात लोहचुंबक पुरे. हिची बॉडी ॲल्युमिनियमची, चुंबक चिकटत नाही. सेफ्टी वर असते. ही १९६१ पासूनची. पंपाला जोडलेली पट्टी एकच असेल तर बंदूक साधारण १९७० पूर्वीची, दोन असतील तर नंतरची. दोन पट्ट्यांचे पेटंट तोवर रेमिंग्टनकडे होते.

आता रेमिंग्टन ८७०. ही १९५० ला आली, बॉडी पोलादी. हिच्या नळीवर डाव्या बाजूला, बॉडीजवळ, बारीक अक्षरे असतात. पहिले अक्षर महिन्याचे. ते लक्षात ठेवायला 'ब्लॅकपावडर' हा शब्द इंग्रजीत लिहा आणि शेवटी एक्स जोडा: बारा अक्षरे, बारा महिने. बी म्हणजे जानेवारी, एल फेब्रुवारी, एक्स डिसेंबर. (काळ्या बारुदीवर कॅलेंडर बसवणारा कुणीतरी रसिक असावा.) दुसरे अक्षर सालाचे, आणि तिथे फसगत होते, कारण अक्षरे फिरून येतात: 'ए' म्हणजे १९५४ किंवा १९८०. निवाडा बॉडीवरच्या क्रमांकाने करायचा. क्रमांकाच्या शेवटी व्ही, एम किंवा एक्स असे अक्षर असेल तर बॉडी १९६८ नंतरची. व्ही म्हणजे १२ बोअर, एम म्हणजे तीन इंची काडतुसाची १२ बोअर, एक्स म्हणजे २० बोअर. नळीच्या तोंडाशी फिरवून निघणारा 'रेम चोक' (चोक म्हणजे नळीच्या तोंडाचा अरुंदपणा) असेल तर ती नळी १९८६ नंतरचीच, बॉडी कितीही जुनी असो.

नावावर तर मुळीच जाऊ नका. सीअर्स, माँटगोमेरी वॉर्ड अशी अमेरिकन दुकाने दुसऱ्यांकडून बंदुका बनवून घेऊन आपल्या नावाने विकत. सीअर्सची 'टेड विल्यम्स मॉडेल २००' हातात आली तर ती खरे तर विंचेस्टर १२०० आहे. टेड विल्यम्स हा बेसबॉलपटू, बंदुकीचा कारागीर नव्हे. अशा बंदुकीचे सुटे भाग खऱ्या मॉडेलच्या नावानेच मागावे लागतात.

नळीवरचे 'फुल' किंवा 'मॉडिफाइड' हे चोकचे माप आहे. परवान्यावर मॉडेल म्हणून 'मॉडिफाइड' लिहिलेले आम्ही पाहिले आहे, आणि ती नोंद दुरुस्त करून घेण्यात त्या ग्राहकाचे चांगलेच हेलपाटे झाले. जुन्या नळ्यांवर पेटंटच्या तारखाही असतात. त्यांना बनावटीचे साल समजू नका.

घरी पॉलिश पेपर मारून अक्षरे 'उजळवू' नका. ओळखखुणा पुसणे शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे. पातळ तेलाचे बोट फिरवा, टॉर्च तिरकी धरा, अक्षरे दिसतात. तरीही न दिसल्यास आमच्याकडे या.

येताना परवाना आणि बंदूक दोन्ही आणा, काडतुसे घरी ठेवा. परवानाधारक हयात नसतील तर बंदूक घेऊन निघू नका, आधी फोन करा. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. मॉडेल आणि साल आपण त्यानंतर पाहू.