बचत गटासाठी बँक कर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

गरीब कुटुंबाला बियाणे, आजारपण किंवा मुलांच्या फीसाठी लागणारी रक्कम बहुधा लहान असते. मात्र ती सावकाराकडून महिना शेकडा पाच रुपयांनी घेतल्यास वर्षाचे व्याज साठ टक्क्यांवर जाते आणि मुद्दल तसेच राहते. ही साखळी तोडण्यासाठी नाबार्डने (राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने) 1992 मध्ये 500 गटांपासून बचत गट-बँक जोडणी सुरू केली. आज राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, म्हणजे महाराष्ट्रातील ‘उमेद’मध्ये, महिला गटांना याच मार्गाने कर्ज मिळते.

गटात साधारणपणे 10 ते 20 महिला असाव्यात. दुर्गम आदिवासी भागात किंवा दिव्यांगांच्या गटात किमान संख्या पाच चालते. कायद्याने नोंदणी करण्याची सक्ती नाही. गट किमान सहा महिने सक्रिय असावा आणि हा काळ गटाच्या दप्तरावरून मोजायचा असतो, बँक खाते उघडल्याच्या तारखेपासून नव्हे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत हिशेब ही पंचसूत्री पाळली जाते का, हे बँक तपासते. बंद पडलेला गट पुन्हा सुरू होऊन तीन महिने नीट चालला, तर तोही पात्र ठरतो. एखादी सदस्या स्वतः बँकेची थकबाकीदार असली, तरी गट थकीत नसल्यास तेवढ्यावरून गटाचे कर्ज अडवले जाऊ नये. फक्त त्या कर्जातून तिला रक्कम देता येत नाही.

बचत खाते उघडताना केवळ पदाधिकाऱ्यांची केवायसी पुरते. कर्जाच्या वेळी मात्र सर्व सदस्यांचे ओळख व पत्त्याचे पुरावे मागितले जाऊ शकतात, म्हणून ते आधीच गोळा करून ठेवावेत. सोबत कर्ज घेण्याचा ठराव, सदस्यांमधील करारपत्र, बँकेचा अर्ज, गटाचे पासबुक, इतिवृत्त व हिशेबाच्या वह्या आणि सूक्ष्म पत आराखडा लागतो.

आराखडा हा या अर्जाचा गाभा आहे. बैठकीत प्रत्येक सदस्या घरचे उत्पन्न, खर्च, जुनी देणी आणि गरज सांगते. कोणाला शेळ्यांसाठी, कोणाला सावकाराचे देणे फेडण्यासाठी रक्कम हवी असते आणि आधी कोणाला द्यायची, हे गट ठरवतो. हा आराखडा कोणीतरी घाईघाईने भरून दिला, तर कर्ज समान वाटून घेतले जाते आणि ज्या घराची निकड मोठी, तेच मागे राहते. त्यामुळे यासाठी एक पूर्ण बैठक द्यावी. सावकाराचे महाग कर्ज फेडणे हा मान्य उद्देश आहे, तो लपवण्याचे कारण नाही.

पहिले कर्ज गटाच्या निधीच्या (बचत आणि गटाकडे जमा इतर रक्कम) सहापट किंवा किमान दीड लाख रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तितके असते. बारा महिलांनी दरमहा शंभर रुपये याप्रमाणे सहा महिन्यांत 7,200 रुपये साठवले, तर सहापट 43,200 होते; म्हणजे हा गट दीड लाखाला पात्र ठरतो. दहा लाखांपर्यंत तारण, स्वहिस्सा किंवा मुदत ठेव मागता येत नाही आणि गटाच्या बचत खात्यातील रक्कमही अडकवून ठेवता येत नाही. तीन लाखांपर्यंत व्याजदर सात टक्के आहे.

कागदपत्रे पूर्ण झाल्यावर अर्ज गटाचे खाते असलेल्या शाखेत द्यावा, पोच घ्यावी आणि अडचण आल्यास बँक सखी (बँकेच्या कामात गटांना मदत करणारी महिला) किंवा ग्रामसंघाची (गावातील गटांच्या संघाची) मदत घ्यावी. नकार मिळाल्यास कारण लेखी मागावे. मंजुरीनंतर रक्कम गटाच्या खात्यात जमा होते व तेथून ठरावाप्रमाणे सदस्यांना दिली जाते. प्रत्येकीच्या पासबुकात त्याच बैठकीत नोंद करावी, कारण पुढील कर्जाची तपासणी याच नोंदींवरून होते. पहिले कर्ज नीट फेडलेल्या गटाला दुसऱ्या टप्प्यात निधीच्या आठपट किंवा किमान तीन लाख रुपये, यांपैकी जास्त असलेली रक्कम मागता येते.