गॅरेटचे कोल्ट रिव्हॉल्व्हर

लिंकन परगण्याचा शेरीफ पॅट गॅरेट याने न्यू मेक्सिकोतील फरारी गुन्हेगार बिली द किड याला 14 जुलै 1881 च्या रात्री फोर्ट सम्नर येथे ज्या हत्याराने ठार केले, ते कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी रिव्हॉल्व्हर. कॅलिबर .44-40, नळी साडेसात इंच, क्रमांक 55093; घडण साधारणतः 1880 ची मानतात.

ते मुळात गॅरेटचे नव्हे. डिसेंबर 1880 मध्ये स्टिंकिंग स्प्रिंग्ज येथे किडची टोळी शरण आली, तेव्हा तिच्यातील बिली विल्सनकडून त्याने ते काढून घेतले. मालकीची ही साखळी प्रामुख्याने गॅरेटने क्रमांकानिशी लिहून दिलेल्या निवेदनावर उभी आहे. किड त्या रात्री वाचला, हा पुढे टेक्सासमधील एका वृद्धाने केलेला दावा खरा मानला, तर या हत्याराचे महत्त्वच उरत नाही. परंतु न्यू मेक्सिकोच्या गव्हर्नरने तो 1950 मध्ये फेटाळला. गॅरेटचा सहकारी जॉन पो याची साक्षही गॅरेटच्या बाजूची असल्याने बहुतेक अभ्यासक मृत्यू निर्विवाद मानतात.

या जातीच्या कोल्टवर क्रमांक तीन ठिकाणी ठोकलेला असतो: सांगाड्यावर, चापाभोवतीच्या (ट्रिगर गार्ड) कडीवर आणि मुठीच्या पाठपट्टीवर. तिन्ही जुळले नाहीत तर सुटे भाग बदलले, असे समजावे. कारखान्याच्या रवानगी-वहीत तो क्रमांक, तारीख आणि माल घेणारा व्यापारी सापडू शकतो. त्यापुढचा प्रवास मात्र खासगी कागदपत्रांतूनच जुळवावा लागतो. होल्स्टरची, म्हणजे पिस्तुलाच्या चामडी म्यानाची, गोष्ट अधिक कठीण. चामड्यावर क्रमांक नसतो, फार तर खोगीर बनवणाऱ्याचा ठसा असतो. वापराने आत उमटलेला गोळ्यांच्या चक्राचा वण पिस्तुलाची जात सांगतो, नेमके पिस्तूल नाही. म्हणून हत्याराच्या कागदांवरून होल्स्टर ओळखावे, होल्स्टरवरून हत्यार ओळखू नये. कुप्रसिद्ध डाकू जेसी जेम्सच्या आईने पाहुण्यांना कितीतरी जुनी पिस्तुले ‘मुलाची’ म्हणून विकली, असे सांगतात; इतिहासाचे त्याने खरोखर नुकसान झाले.

गॅरेटचे हे रिव्हॉल्व्हर एल पासो येथील टॉम पॉवर्सच्या मद्यगृहात प्रदर्शनाला होते. गॅरेट 1908 मध्ये मारला गेला. रिव्हॉल्व्हर पॉवर्सला उसने दिले होते की कायमचे, हा वाद त्याच्या मृत्यूनंतर न्यायालयात गेला आणि गॅरेटची विधवा अपोलिनारिया हिने ते परत मिळवले. ऑगस्ट 2021 मध्ये बोनहॅम्सच्या लॉस एंजेलिसमधील लिलावात त्याला सुमारे 60.3 लाख डॉलर आले. अंदाज 20 ते 30 लाखांचा होता. किडने लिंकनच्या तुरुंगातून निसटताना ज्या दुनळी बंदुकीने पहाऱ्यावरील डेप्युटी बॉब ओलिंजरला मारले, ती व्हिटनी बंदूकही त्याच लिलावात सुमारे 9.78 लाख डॉलरला गेली.