बाईचा वेळ कोणाचा? पुण्यातल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

पुण्यातल्या स्त्रीशिक्षणाची गोष्ट सांगताना धर्म, शास्त्र, रूढी हे शब्द हमखास येतात. घड्याळाचा उल्लेख क्वचित होतो. पाणी, चूल, जातं, सोवळं, बाळंतपणं यांतून बाईला तास-दोन तास मोकळे कसे मिळणार, हा प्रश्न मात्र प्रत्येक वादाच्या तळाशी होता.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पण १८५५ ची त्यांची रात्रीची शाळा मला या दृष्टीनं अधिक बोलकी वाटते. ती कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी होती. राबणाऱ्यांचा दिवस मालकाचा, म्हणून शाळाच रात्री भरवली.

पांढरपेशा घरांत अडचण वेगळी होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी १८७३ साली लग्न झालं तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. नवरा रात्री शिकवी आणि दिवसभर घरातल्या बायकांचे टोमणे चालू असत. १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला, तेव्हा सभेला जाण्यावरूनही रानड्यांच्या घरात धुसफूस झाली. वाचन एक वेळ खपत होतं. उंबरा ओलांडून तास-दोन तास बाहेर राहणं खपेना.

१८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल सुरू झालं. पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेवरून ते आजही हुजूरपागा म्हणूनच ओळखलं जातं. 'मराठा' आणि 'केसरी' या वृत्तपत्रांनी तिथल्या अभ्यासक्रमावर टीका केली. दिवसभराची शाळा घरकामाच्या आड येते, तेव्हा तास कमी करा, असाही त्यांचा आग्रह होता. टिळकांच्या बाजूचा हा मुद्दा आज हास्यास्पद वाटेल, पण सोळा वर्षांची मुलगी घरातली कामाची माणूस होती, हे त्यात उघडपणे मान्य केलेलं आहे. सुधारक तेवढं स्पष्ट बोलत नसत.

महर्षी कर्व्यांनी १९०० साली आपला विधवाश्रम गावाबाहेर हिंगण्याला नेला. सासर-माहेरच्या कामातून बाई सुटली की तिचा दिवस आपोआप तिचा होतो, हे तिथे दिसलं. (त्यासाठी आधी विधवा व्हावं लागे, हे विसरायचं नाही.)

रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं. वयानं मोठ्या बायका तिथे शिकू लागल्या. काही जणी परिचारिकेचं शिक्षण घ्यायला ससून रुग्णालयात गेल्या. रुग्णालय म्हणजे रात्रपाळी. बाई रात्री घराबाहेर, तीही कामासाठी!

१९२० च्या सुमाराला वाद नगरपालिकेत पोहोचला. सक्तीचं प्राथमिक शिक्षण आधी मुलांना द्यावं आणि मुलींचं पुढे बघू, असं पैशाचं कारण दाखवून म्हटलं जात होतं. रमाबाई रानड्यांनी सभा घेतल्या आणि बायकांचा मोर्चा काढला. सक्ती झाली असती, तर मुलीच्या दिवसाचे ठरावीक तास घराकडून कायद्यानंच काढून घेतले जाणार होते.