९० नंबरचं तेल आणि टर्बो गाडीचा दुसरा गियर

दीड लिटरचं टर्बो, म्हणजे पंख्याने हवा दाबून भरणारं, पेट्रोल इंजिन आणि सहा गियरांचा मॅन्युअल गियरबॉक्स ही जोडी २०२३ साली ह्युंदाई व्हर्नात आणि फोक्सवॅगन व्हर्टसच्या जीटी मॉडेलात मिळू लागली. चोर्ला घाटातून बेळगावला जाण्यासाठी निमित्त शोधणाऱ्या गोव्यातल्या हौशी लोकांना नेमकं हेच हवं होतं. त्याबरोबर जुना प्रश्नही परत आला: एवढा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) हा गियरबॉक्स किती वर्षं सोसेल? गॅरेजात याचं उत्तर हॉर्सपॉवरच्या आकड्यात दिलं जातं आणि मला ते अपुरं वाटतं. टॉर्क किती आरपीएमला (मिनिटाला किती फेऱ्यांवर) येतो आणि गियरबॉक्सच्या पेटीत तेल कुठलं आहे, हे आधी पाहायला हवं. तेलाच्या बाबतीत तर आपल्याकडे फार गोंधळ आहे.

रस्त्यावरच्या मोटारीत टर्बो आला १९६२ साली, अमेरिकेत. गियरबॉक्सच्या ताकदीचा प्रश्न ठळक झाला तो १९७५ च्या पोर्शे ९११ टर्बोमुळे. साध्या ९११ ला पाच गियर मिळत होते, पण २६० हॉर्सपॉवरच्या टर्बोला चारच दिले. इंजिनाची ओढ एवढी आहे की चार पुरतात, असं त्याचं समर्थन झालं. खरी गरज दातांची होती: ठरावीक लांबीच्या पेटीत गियर कमी बसवले की प्रत्येकाचे दात रुंद करता येतात. त्या गाडीला पाच गियर मिळाले ते थेट १९८९ साली, तिच्या शेवटच्या वर्षी.

१९९० च्या दशकातल्या टर्बो सुबारू इम्प्रेझाच्या पाच गियरांच्या पेटीला मात्र जगभर नाजूक म्हणून नाव पडलं. तिरप्या दातांचे गियर जोर आला की एकमेकांना दूर ढकलतात. शाफ्ट मधोमध थोडा वाकतो, पेटीचं ॲल्युमिनियमचं कवचही किंचित ताणलं जातं. मग दात पूर्ण रुंदीवर टेकण्याऐवजी कडेवर टेकतो आणि कडेचा तुकडा उडतो. त्यात ही गाडी चारही चाकांनी ओढणारी. दोनच चाकांनी ओढणाऱ्या मोटारीत क्लच झटकन सोडला तर टायर फिरतो आणि झटका तिथेच जिरतो. जूनच्या पहिल्या पावसात तांबड्या चिखलावर आपली पुढची चाकं नुसती फिरतात, तेव्हा गियरबॉक्स खरं तर वाचत असतो. चारही चाकांनी रस्ता पकडला की तोच झटका उलटून दातांवर येतो. पुढे तिच्याच ताकदवान एसटीआय मॉडेलला सहा गियरांची जाड पेटी आली आणि ही तक्रार बरीच मागे पडली.

भारतात हा विषय आला स्कोडा ऑक्टेव्हिया आरएसबरोबर. दीडशे हॉर्सपॉवर आणि २१० न्यूटन मीटर, तेही १७५० आरपीएमपासून. जुन्या ९११ टर्बोचा टॉर्क पुरा यायला ४००० आरपीएम लागायचे. २०१५ साली १४५ हॉर्सपॉवरची अबार्थ पुंटो आली, आणि आजच्या दीड लिटर टर्बोत २५० च्या आसपास न्यूटन मीटर १५००-१६०० आरपीएमलाच हजर असतात. याचा अर्थ घाटात कळतो. वळणानंतर चौथ्या गियरवर, १६०० आरपीएमवर पाय पुरा दाबला तरी गाडी मुकाट ओढत राहते. चालकाला ते सुखाचं वाटतं, पण आत पूर्ण टॉर्क हळू फिरणाऱ्या दातांवर आणि बेअरिंगांवर बसलेला असतो. वेग कमी असला की दातांमधला तेलाचा पापुद्राही पातळ होतो. तिसरा टाकून जास्त आरपीएमवर चढलं तर तेवढ्याच चढाला गियरबॉक्सवर कमी टॉर्क पडतो. नैसर्गिक श्वासाच्या, म्हणजे टर्बो नसलेल्या, इंजिनात ही सवय आपोआप लागायची, कारण खालचा गियर टाकल्याशिवाय गाडी चढतच नसे.

आता तेल. आपल्या गॅरेजांत अजूनही ‘नव्वद नंबर’ म्हटलं की विषय संपतो. तो शब्द ॲम्बेसेडर आणि जीपच्या काळातला. डिचोली-साखळी भागात खाणींच्या ट्रकांनी तो पक्का केला. ट्रकच्या डिफरेन्शियलसाठी (चाकांकडे जोर वाटून देणाऱ्या गियरांसाठी) आणलेल्या पिंपातून मोटारीच्या पेटीतही तेल पडे. त्या काळच्या गियरांना ते चालूनही गेलं. पण नव्वद हा फक्त जाडीचा आकडा आहे, आणि तोही गियरतेलाच्या वेगळ्या मापातला. गियरतेलाचं ९० हे इंजिनतेलाच्या ४० ते ५० इतकंच जाड असतं. ‘नव्वद म्हणजे चाळिसाच्या दुप्पट’ समजून कोणी पातळ तेलाला नाक मुरडलं, तर तो आकड्याचा गैरसमज आहे.

जीएल या अक्षरांनी याहून जास्त नुकसान केलं आहे. डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ लिहिलेलं असतं. चारापेक्षा पाच वरचढ, असं कोणालाही वाटेल. हे वर्ग तेल किती दाब सोसतं ते सांगतात. जीएल-५ घडवलं गेलं हायपॉइड डिफरेन्शियलसाठी, जिथे दात एकमेकांवर घासत सरकतात. म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. मॅन्युअल गियरबॉक्समध्ये मात्र सिंक्रोची पितळी रिंग असते आणि तिचं कामच घर्षणावर चालतं. ती गियरच्या शंकूला पकडते, दोघांचा वेग जुळवते, मगच गियर आत जातो. तेल नको तितकं निसरडं झालं की रिंग पकडत नाही आणि गियर खरखरतो. शिवाय तापलेलं सक्रिय गंधक पितळ खातं. नव्या जीएल-५ तेलांत हे खाणं पूर्वीपेक्षा बरंच कमी झालंय, हेही सांगायला हवं. पण पकडीचा प्रश्न उरतोच, कारण सिंक्रो कसा चालेल हे जीएलचा आकडा सांगतच नाही.

गुंता वाढवायला एमटी-१ नावाचाही वर्ग आहे. नावात मॅन्युअल ट्रान्समिशन आहे, पण तो बस आणि अवजड ट्रकांच्या सिंक्रो नसलेल्या पेट्यांसाठी. आणि ‘जीएल-५ कधीच नको’ असा नियम करू पाहाल तर सुबारू आडवी येते: तिच्या पेटीतच पुढचं हायपॉइड डिफरेन्शियल असतं, दोघांना एकच तेल, आणि कंपनी स्वतःच ७५डब्ल्यू-९० जाडीचं जीएल-५ सांगते. तिथे सिंक्रो त्या तेलाला धरून घडवलेला असतो. त्यामुळे एका गाडीचं शहाणपण दुसरीला लावू नये, मालकाच्या पुस्तिकेतली ती ओळ पाहावी. ‘आयुष्यभराचं तेल’ हा कंपन्यांचा दावा मात्र मला मान्य नाही. आपल्याकडे पावसाच्या पाण्याने तुंबलेल्या रस्त्यातून तापलेली गाडी गेली की पेटी एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याच्या, नळीतून पाणी ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर ते त्याच दिवशी बदलायचं.

माझ्या स्वतःच्या टर्बो गाडीत एका सर्व्हिसला असंच जीएल-५ गेलं. बिलावर फक्त ‘गियर ऑइल ९०’ होतं. सहा महिन्यांनी सकाळच्या पहिल्या सिग्नलला दुसरा गियर खरखरू लागला. क्लच खराब, असं निदान झालं. पर्वरीतल्या एका मिस्त्रींनी आधी तळाचा ड्रेन प्लग काढला. प्लगच्या लोहचुंबकावर करडा लगदा होता, नखाएवढा. तो लोखंडाचा, नेहमीचा. मग त्यांनी तेल एका पांढऱ्या झाकणात घेऊन दारात उन्हात धरलं. तेलात सोनेरी भुकटी हळूहळू फिरत होती, कासाराच्या दुकानात जमिनीवर पडते तशी. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ती तेलातच राहते आणि प्लग पाहून कळत नाही. पुस्तिकेप्रमाणे जीएल-४ भरलं. गाडी तापल्यावर दुसरा गियर आता सरळ जातो. सकाळी गाडी थंड असताना मात्र पहिली दोन-तीन वळणं अजून खरखरतो, कारण झिजलेली रिंग नव्या तेलाने भरून येत नाही. ती बदलायला पेटी उतरवावी लागेल, आणि मिस्त्रींनी त्यासाठी पावसाळ्यानंतरची तारीख दिली आहे.