सणाची जाहिरात आणि स्मृतीची खूणगाठ

‘उठा उठा दिवाळी आली’ एवढे शब्द महाराष्ट्रात वाढलेल्या माणसासमोर म्हटले, तर ‘मोती स्नानाची वेळ झाली’ हे उरलेले शब्द बहुधा तो स्वतःच पूर्ण करतो. मागच्या दिवाळीत पाहिलेल्या आणखी पाच जाहिराती सांगा, असे त्याच माणसाला विचारले, तर पणत्या, रांगोळी, गावी परतलेला मुलगा आणि पदराने डोळे टिपणारी आई एवढे त्याच्या डोळ्यांसमोर येते. पण ती जाहिरात भिंतीच्या रंगाची होती, दागिन्यांची होती की मिठाईची, हे सांगताना तो अडखळतो. जाहिराती त्याने एकाच घरात बसून, सणाच्या त्याच उत्साहात पाहिलेल्या असतात. त्यांतली एक टिकली आणि बाकीच्या पुसल्या गेल्या, याचे कारण चित्रीकरणावरच्या खर्चापेक्षा स्मृती कशी चालते यात शोधावे, असे मला वाटते.

मनात साठलेली गोष्ट आपोआप वर येत नाही. तिला कशाची तरी खूण लागते. एन्डेल टुल्व्हिंग आणि डोनाल्ड थॉमसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेले तत्त्व असे, की एखादी गोष्ट लक्षात ठेवताना तिच्यासोबत जे नोंदले गेले असेल, तेच पुढे ती आठवून देणारी खूण म्हणून उपयोगी पडते. त्यानंतर दोनच वर्षांनी ओल्गा आणि मायकेल वॉटकिन्स यांनी या खुणेची मर्यादा दाखवून दिली: एकाच खुणेला जितक्या जास्त गोष्टी बांधाव्यात, तितकी त्यांतली नेमकी एक गोष्ट आठवून देण्याची तिची ताकद कमी होत जाते. भिंतीवरच्या एकाच खुंटीला घरातल्या सगळ्यांनी कपडे अडकवले, म्हणजे हवा तो सदरा हाताला लागत नाही, तसेच हे आहे. बेंटन अंडरवुड यांनी १९५७ मध्ये जुन्या प्रयोगांची आकडेवारी एकत्र मांडली, तेव्हाही हेच दिसले होते. शब्दांची एकच यादी पाठ केलेल्यांना दुसऱ्या दिवशी तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग आठवत असे, तर आधी वीसेक याद्या पाठ केलेल्यांना नव्या यादीचा जेमतेम चौथा हिस्सा आठवे.

पणती ही दिवाळीतली अशीच भरून गेलेली खुंटी आहे. ती सुंदर आहे, सर्वांची आहे आणि नेमकी त्यामुळेच एखाद्या एका मालाची आठवण करून द्यायला ती निरुपयोगी ठरते.

मोती साबणाच्या जाहिरातीने पकडलेली खूण पाहिली, की फरक लक्षात येतो. मूळचा टाटा ऑइल मिल्सचा आणि आता हिंदुस्थान युनिलिव्हरकडे असलेला हा गोल, जाडजूड साबण त्या ओळीने संपूर्ण दिवाळीला बांधलेला नाही. तो नरकचतुर्दशीच्या पहाटेला, म्हणजे तेल, उटणे आणि अभ्यंगस्नान यांच्या एका घटकेला बांधलेला आहे. ती घटका दरवर्षी ठरलेल्या तिथीला घरोघरी येते, कुणीतरी कुणाला तरी खरोखरच ‘उठा’ म्हणून हाक मारतो आणि जाहिरातीचे शब्द त्या हाकेबरोबर वर येतात. ‘आली’ आणि ‘झाली’ यांचे यमकही येथे काम करते, कारण पहिला चरण आठवला की दुसऱ्याचा शेवट कसा असणार हे कानाला आधीच ठाऊक असते. शिवाय मालाचे नाव ओळीच्या पोटातच आहे. ते काढले तर ओळच मोडते. त्यात गंधाचीही भर पडते. वासाचा संदेश इतर ज्ञानेंद्रियांच्या संदेशांप्रमाणे आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या केंद्रातून न जाता, भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागांकडे बराचसा थेट पोहोचतो, आणि वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी बहुतेक करून वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात, असे अभ्यासांत आढळले आहे. बालपणीच्या पहाटेचा वास ज्या वस्तूला आहे, तिला फार बोलावे लागत नाही.

खुंटी अगदी रिकामी मिळाली तर काय होते, याचे उदाहरण जपानमध्ये आहे. तिथे ख्रिस्ती लोक एक टक्क्याच्या आसपास आहेत, नाताळला सार्वजनिक सुट्टी नसते आणि त्या दिवशीच्या जेवणात काय असावे याची रूढ परंपराही नव्हती. केंटकी फ्राइड चिकनने १९७४ मध्ये ‘नाताळला केंटकी’ अशा आशयाची मोहीम देशभर चालवली आणि तळलेले चिकन हेच तिथल्या अनेक कुटुंबांचे नाताळचे जेवण होऊन बसले. आजही लोक त्यासाठी कित्येक दिवस आधी मागणी नोंदवतात.

डोळ्यांत पाणी आणणाऱ्या जाहिरातींबद्दल मात्र सावधपणे बोलायला हवे. भावना स्मृतीला बळ देते हे खरे आहे. लॅरी काहिल, जेम्स मॅकगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये काही जणांना ॲड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांचा परिणाम रोखणारे औषध देऊन एक गोष्ट दाखवली, तेव्हा गोष्टीतला हेलावून टाकणारा भाग एरवी जसा जास्त लक्षात राहतो, तसा तो त्यांच्या लक्षात राहिला नाही. पण हे बळ मिळते ते मनाला भिडलेल्या प्रसंगाला. शेवटच्या तीन सेकंदांत झळकणारे बोधचिन्ह त्या प्रसंगाच्या बाहेर असेल, तर आई आणि मुलगा आठवतात आणि कंपनी विसरली जाते. बोधचिन्हाच्या जागी प्रतिस्पर्ध्याचे नाव घालून गोष्ट तशीच चालत असेल, तर ती जाहिरात अजून लिहून झालेली नाही, असे समजावे.

राहिला प्रश्न वेळेचा. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांत तीन दिवसांत विभागलेल्या ३८ उजळण्यांनी जे साधले, त्यासाठी एकाच दिवशी ६८ उजळण्या कराव्या लागल्या होत्या. जाहिरातींबाबत ह्यूबर्ट झील्स्की यांनी १९५९ मध्ये असाच अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी स्त्रियांच्या एका गटाला तेरा जाहिराती दर आठवड्याला एक याप्रमाणे टपालाने पाठवल्या आणि दुसऱ्या गटाला त्याच तेरा जाहिराती चार-चार आठवड्यांच्या अंतराने वर्षभर पाठवल्या. पहिल्या गटात तेराव्या आठवड्याला ६३ टक्के जणींना जाहिरात आठवत होती, पण टपाल थांबताच ते प्रमाण झपाट्याने घसरले. दुसऱ्या गटात ते हळूहळू चढत वर्षअखेरीस ४८ टक्क्यांवर पोहोचले. सणाच्या मालाला या दोन्हींची गरज असते. खरेदी त्याच पंधरवड्यात व्हायची असते म्हणून त्या दिवसांत दाट पेरणी हवी. पण पिढ्यान्‌पिढ्या टिकायचे, तर तीच ओळ दरवर्षी, ती अर्धवट विसरली जात असतानाच, पुन्हा कानावर पडायला हवी. दर दिवाळीला नवे घोषवाक्य काढणारी कंपनी ही साठलेली उजळणी स्वतःच्या हाताने पुसून टाकते.

आणि रिकाम्या खुंट्या अजून पुष्कळ आहेत. पायाच्या अंगठ्याखाली कारीट फुटते तो क्षण, अंगणातल्या मातीच्या किल्ल्यावर पेरलेली मोहरी उगवली का हे पाहायला सकाळी धावणारी मुले, आणि शेजारच्या घरून आलेला फराळाचा डबा, जो रिकामा परत करायचा नसतो.