धूलिकण आणि मृत्युदर: एका न मिटलेल्या वादाची पार्श्वभूमी

सूक्ष्म धूलिकणांमुळे देशात दरवर्षी किती माणसे मरतात, हा प्रश्न संसदेत अधूनमधून विचारला जातो. गेली काही वर्षे त्याला मिळणारे उत्तर जवळपास एकाच साच्यातले आहे: केवळ वायुप्रदूषणामुळे मृत्यू झाल्याचा थेट संबंध दाखवणारी निर्णायक आकडेवारी देशात उपलब्ध नाही. उत्तर शब्दशः चूक म्हणता येत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टर ‘धूळ’ लिहीत नाहीत. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, न्यूमोनिया असे काही लिहितात. धूलिकणांचे बळी मोजायचे तर लोकसंख्येच्या पातळीवरच मोजावे लागतात, आणि त्या मोजणीवर किती विश्वास ठेवायचा हे भांडण आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी इतरत्र झडून गेले आहे.

त्याची सुरुवात धुरक्याच्या आपत्तींपासून सांगण्याची प्रथा आहे. १९३० च्या डिसेंबरमध्ये बेल्जियममधल्या म्यूज नदीच्या खोऱ्यात साठ-एक माणसे दगावली, १९४८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा या गिरणगावात वीस. लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांच्या धुरक्यानंतर सुमारे चार हजार जादा मृत्यू मोजले गेले. पुढचे तीन महिनेही मृत्युदर चढाच होता. ती वाढ मात्र सरकारी अहवालाने फ्लूच्या खात्यावर टाकली. जवळपास पन्नास वर्षांनी, २००१ मध्ये, जुनी आकडेवारी पुन्हा तपासल्यावर एवढे मृत्यू घडवण्याइतकी फ्लूची साथ मोठी नव्हती असे दिसले आणि एकूण आकडा बारा हजारांच्या आसपास गेला. १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. नंतर बराच काळ असा समज रुजला की माणसे मरतात ती असल्या भयंकर धुरक्यात. एरवीच्या मळकट हवेने फार तर खोकला होतो.

हा समज मोडला तो १९८० आणि १९९० च्या दशकांत, आणि या विषयाचा खरा इतिहास तिथेच आहे. युटा राज्यातल्या एका खोऱ्यात मोठा पोलाद कारखाना होता. कामगार तंट्यामुळे तो १९८६ च्या ऑगस्टपासून साधारण वर्षभर बंद पडला. त्या हिवाळ्यात धूलिकण कमी झाले आणि श्वसनविकारांनी रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांची संख्याही घटली. कारखाना सुरू झाल्यावर दोन्ही आकडे पुन्हा चढले. खोरे तेच, माणसे तीच, फरक भट्टीचा. पुढे याच खोऱ्यात रोजचे धूलिकण आणि रोजचे मृत्यू यांचाही संबंध दिसला.

दरम्यान बॉस्टनमधल्या एका विद्यापीठाच्या गटाने १९७० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेतल्या सहा शहरांतल्या ८,१११ प्रौढांचा मागोवा ठेवला होता. कोण सिगारेट ओढतो, किती शिकला आहे, वजन किती, कामाच्या ठिकाणी धूळ-धूर आहे का, हे सगळे नोंदलेले होते. हवा ओढून घेणाऱ्या यंत्रातला फिल्टर आधी आणि नंतर तोलायचा, वाढलेले वजन म्हणजे कण, असे शहरागणिक वर्षानुवर्षे चालले. डिसेंबर १९९३ मध्ये निष्कर्ष आले. सर्वांत मळकट शहर ओहायोतले स्टुबेनव्हिल, सर्वांत स्वच्छ विस्कॉन्सिनमधले पोर्टेज. धूम्रपान वगैरे बाबी हिशेबात धरूनही पहिल्यातला मृत्युदर दुसऱ्यापेक्षा २६ टक्के जास्त निघाला. आणि स्टुबेनव्हिलची पीएम २.५ ची, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या अतिबारीक कणांची, वार्षिक सरासरी होती घनमीटरला सुमारे ३० मायक्रोग्रॅम. आज आपल्याकडच्या कितीतरी शहरांना हा आकडा हेवा वाटावा असा आहे. १९९५ मध्ये कर्करोगाच्या अभ्यासासाठी नोंदवलेल्या साडेपाच लाख लोकांवरच्या, कितीतरी मोठ्या पाहणीतही कल तोच दिसला. वाढ १७ टक्क्यांची.

१९९७ मध्ये अमेरिकी पर्यावरण खात्याने याच दोन पाहण्यांच्या जोरावर पीएम २.५ चे पहिले मानक लावले: वार्षिक १५, चोवीस तासांचे ६५. तिथून जे रण पेटले ते नीट पाहिल्याशिवाय पुढचे काहीच कळत नाही.

उद्योगांची मागणी साधी वाटावी अशी होती: मूळ आकडेवारी दाखवा. संशोधकांची अडचणही खरी होती. सहभागी लोकांना गोपनीयतेचा शब्द दिलेला होता. छोट्या गावात वय, मृत्यूची तारीख आणि कारण एवढे उघड झाले तरी माणूस ओळखू येतो. विरोधकांनी या नकाराचा ‘लपवलेले विज्ञान’ असा गाजावाजा केला. त्यातच खात्याने स्वतः पायावर धोंडा मारून घेतला. मानकामुळे दरवर्षी २०,००० अकाली मृत्यू टळतील, असे आधी सांगितले होते. हिशेबातली चूक बाहेरच्यांनी दाखवल्यावर तो आकडा १५,००० वर आला. १९९८ मध्ये खर्चाच्या एका विधेयकात कलम घुसडून सरकारी पैशाने झालेल्या संशोधनाची आकडेवारी माहिती अधिकाराखाली आणली गेली.

तोडगा वेगळ्याच वाटेने निघाला. निम्मा पैसा सरकारचा आणि निम्मा वाहन कंपन्यांचा, अशा एका संस्थेकडे मूळ नोंदी गोपनीयतेच्या अटीवर सोपवल्या गेल्या. तिने नेमलेल्या, मूळ पाहणीशी संबंध नसलेल्या तज्ज्ञांनी सगळे पुन्हा तपासून २००० मध्ये अहवाल दिला: सहा शहरांचा २६ टक्क्यांचा आकडा त्यांच्याकडे २८ आला, १७ चा १८. एक नवी गोष्टही निघाली. कमी शिकलेल्यांत परिणाम अधिक होता. सल्फर डायऑक्साइडचा वाटा किती, हा प्रश्न मात्र त्याच अहवालाने उघडा ठेवला. २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले, की आरोग्यासाठीचे मानक ठरवताना ते पाळण्याचा खर्च विचारात घेता येणार नाही.

लगेच पुढच्या वर्षी संशोधकांची खरी फजिती झाली, ती संगणकामुळे. नव्वद शहरांच्या रोजच्या मृत्यूंचा अभ्यास ज्या सॉफ्टवेअरवर झाला होता, त्यातले आयते सेटिंग फार ढिले होते. उत्तर पक्के होण्याआधीच गणित थांबत होते. सेटिंग घट्ट केल्यावर पीएम १० मधल्या (दहा मायक्रॉनपर्यंतच्या, म्हणजे जाडसर धूळही धरून मोजलेल्या कणांतल्या) दर १० मायक्रोग्रॅम वाढीमागची मृत्यूंतली वाढ ०.४१ टक्क्यावरून ०.२७ वर उतरली, दुसऱ्या पद्धतीने ०.२१ वर. परिणाम निम्म्यावर आला हे खरे, पण तो शून्य झाला नाही. चूक संशोधकांनीच जाहीर केली आणि त्याच तंत्राने केलेले इतर अभ्यासही पुन्हा तपासले गेले, हे विरोधकांच्या पत्रकांत सहसा येत नाही. तोच ‘लपवलेल्या विज्ञाना’चा मुद्दा २०१८ मध्ये नियमाच्या रूपात परत आला, जानेवारी २०२१ मध्ये लागू झाला आणि पुढच्याच महिन्यात न्यायालयाने रद्द केला. २०२४ मध्ये वार्षिक मानक ९ वर आले.

आपल्याकडची गोष्ट वाटते तितकी नवी नाही. गिरण्यांच्या धुरासाठी मुंबईत १९१२ मध्येच कायदा झाला होता. मृत्यूंचा हिशेब मात्र उशिरा आला: दिल्लीच्या १९९१ ते १९९४ च्या नोंदींवरून असे दिसले की एकूण तरंगते कण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमने वाढले की अपघात वगैरे सोडून बाकीचे मृत्यू २.३ टक्क्यांनी वाढतात. टक्केवारी पाश्चात्त्य शहरांपेक्षा कमी होती. पण परिणाम सर्वाधिक दिसला तो १५ ते ४४ वयोगटात, त्यामुळे दर मृत्यूमागे गमावलेली आयुष्याची वर्षे तिथल्यापेक्षा जास्त भरली. २००९ मध्ये पीएम २.५ राष्ट्रीय मानकांत आले: वार्षिक ४०, चोवीस तासांचे ६०. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात वार्षिक आकडा तेव्हा १० होता. २०२१ पासून तो ५ आहे.

मग जागतिक रोगभाराच्या गणितांतून मोठे आकडे येऊ लागले. २०१७ साठी १२.४ लाख भारतीय मृत्यू, २०१९ साठी १६.७ लाख; यात घरातल्या चुलीचा धूरही आला. हे आकडे प्रतिमानातून, म्हणजे गणिती अंदाजातून आलेले, आणि जोखमीचे प्रमाण पुष्कळसे परदेशी पाहण्यांतून घेतलेले, असा सरकारी आक्षेप होता. त्यात तथ्य होते. डिसेंबर २०१९ मध्ये एका केंद्रीय मंत्र्याने संसदेत सांगितले, की प्रदूषणाने आयुष्य घटते असे एकाही भारतीय अभ्यासाने दाखवलेले नाही.

आता तेही म्हणता येत नाही. जुलै २०२४ च्या अभ्यासात मुंबई-पुण्यासह दहा शहरांच्या २००८ ते २०१९ मधल्या नोंदी घेतल्या, छत्तीस लाख मृत्यू. रोजच्या मृत्यूंपैकी ७.२ टक्के पीएम २.५ चे निघाले. वाढीचा चटका बंगळुरूसारख्या तुलनेने स्वच्छ शहरात अधिक जाणवला, म्हणजे राष्ट्रीय मानकाच्या आतली हवाही निरुपद्रवी नव्हे. त्याच डिसेंबरमध्ये ६५५ जिल्ह्यांचा अभ्यास आला: दर १० मायक्रोग्रॅममागे वार्षिक मृत्युदर ८.६ टक्क्यांनी चढतो. दोन आकड्यांत विरोध नाही. पहिला एक-दोन दिवसांच्या चढउताराचा, दुसरा वर्षभराच्या हवेचा. वृत्तपत्रे ते सर्रास एकमेकांत मिसळतात.

एकट्या व्यक्तीच्या दाखल्यावर हवा लिहिण्याचे उदाहरण आहे, पण लंडनचे: २०१३ मध्ये दम्याने गेलेल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचे एक कारण वायुप्रदूषण असल्याचे तिथल्या चौकशीत डिसेंबर २०२० मध्ये नोंदले गेले. आपल्याकडे नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचव्या हिश्श्याला वैद्यकीय कारणाचा दाखला असतो. दहा शहरांच्या अभ्यासालाही म्हणूनच कारणांत न शिरता एकूण मृत्यू धरावे लागले.

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचे लक्ष्य आधी २०२४ पर्यंत कण २० ते ३० टक्क्यांनी घटवण्याचे होते, नंतर २०२५-२६ पर्यंत ४० टक्क्यांचे झाले. मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर, चंद्रपूर या यादीत आहेत. शहरांचे गुण आणि निधी मात्र पीएम १० च्या घटीवर ठरतात, पीएम २.५ च्या नव्हे. रस्ते झाडणारी यंत्रे आणि पाणी फवारणारे टँकर पहिल्याचा आकडा उतरवतात.